मागचाच ब्रेक

“तिथं गेल्यावर तोंड उघडायचं ते माफी मागायला. बाकी एक शब्द नको,” स्कूटर स्टँडवरून काढता काढता अण्णा म्हणाले.

“मी माफी मागणार नाही.”

“बस मागं.”

बसले. दुसरं काय करणार? उजवा हात झोळीत अडकवून गळ्यात बांधलेला, हनुवटीला पाच टाके, आणि चालताना गुडघा असा दुखायचा की रागानं पाय आपटायचीही सोय नाही. अण्णांनी नेहमीप्रमाणे स्कूटर दोन पावलं ढकलली आणि हातानं पुढचा ब्रेक दाबून बघितला. पुन्हा दोन पावलं ढकलली, पायानं मागचा दाबून बघितला. मगच किक मारली. कोपऱ्यावरून काडेपेटी आणायची असली तरी ही पूजा चुकायची नाही.

अण्णा म्हणजे दत्ताराम फडतरे, आमच्या तालुक्याच्या एसटी डेपोतले मेकॅनिक. बावीस वर्षं बसच्या पोटाखाली आडवं होऊन काढलेला माणूस. ब्रेकचं काम केलेली गाडी स्वतः आवारात दोन फेऱ्या फिरवल्याशिवाय ते सोडत नसत, आणि ड्रायव्हर समोर उभा राहून सगळं ऐकत नाही तोवर त्याच्या हातात किल्ली देत नसत. “कशाला हात लावलाय, ते चालवणाऱ्याला ठाऊक पाहिजे,” हे त्यांचं वाक्य डेपोत सगळ्यांना पाठ होतं. ड्रायव्हर लोक त्यांच्या तोंडावर त्यांची नक्कल करायचे. अण्णा हसायचे आणि किल्ली तशीच मुठीत धरून ठेवायचे.

आम्ही निघालो होतो मोकाशी सरांकडे. मी सतरा वर्षांची, बारावीला. आज त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली, आणि तरी तो रस्ता आठवला की माझे दात आवळले जातात.

मोकाशी सर आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक. डोंगरात सायकल चालवणं हाही खेळ असतो, हे आमच्या गावाला त्यांच्यामुळे कळलं. त्याआधी डोंगरावर सायकल नेणाऱ्याला लोक वेडा म्हणायचे, आणि मुलीनं नेली असती तर काय म्हणाले असते ते लिहीत नाही. सरांनी मला बाराव्या वर्षी हेरलं. घरी येऊन अण्णांशी दोन तास बोलले, आईची समजूत घातली, ट्रॅकपँट घालून पोरगी गावातून जाईल हे दोघांच्या गळी उतरवलं. पाच वर्षं रोज पहाटे टेकडीवर आम्हा पोरांबरोबर आले, एक पैसा घेतला नाही. अण्णांसाठी सर म्हणजे देवाच्या खालोखाल. हे सगळं खरं आहे आणि ते सांगायलाच हवं, कारण मोकाशी सर नुसतेच वाईट असते तर मला एवढा राग आला नसता.

सरांचा एक पाढा होता. तो आम्हाला झोपेतही म्हणता यायचा. डोंगरात टायरमध्ये हवा थोडी कमीच ठेवायची, म्हणजे पकड मिळते. चढाला गिअर आधी बदलायचा, पाय अडकल्यावर नाही. उतारावर बूड सीटच्या मागं न्यायचं. खड्ड्याकडे बघायचं नाही, बघितलं की सायकल खड्ड्यातच जाते. जिथं जायचंय तिथं बघायचं. ब्रेकवर एकच बोट. आणि मुरमाच्या वळणावर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, मागचाच लावायचा, तोही हळू. आज मी स्वतः पोरांना शिकवते तेव्हा हाच पाढा म्हणते. त्यात एक कलम मी माझं घातलंय. ते का, तेच सांगतेय.

आदल्या रविवारी वाघजाईच्या पठारावर जिल्ह्याची निवड चाचणी होती. पहिल्या तिघींना राज्याच्या स्पर्धेला जायला मिळणार होतं. चाचणी सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि टेम्पोतून उतरवताना माझ्या सायकलचा मागचा गिअर वाकला. चेन धरेचना. मी रडायच्या बेतात. तेवढ्यात सर स्वतःची निळी सायकल घेऊन आले. त्यांच्या मेव्हण्यानं अमेरिकेतून आणून दिलेली ती सायकल. आम्हाला तिला हात लावायचीसुद्धा परवानगी नव्हती.

“घे. आज तुझी,” सर म्हणाले.

मला काय वाटलं सांगू? वाटलं, जीव द्यावा या माणसासाठी. त्यांनी घाईघाईत सीट खाली घेऊन दिली, गिअर दाखवले, टायर अंगठ्यानं दाबून हवा बघितली, हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला. सगळं सांगितलं. शिट्टी झाली.

चढाला ब्रेक लागत नाही. वर पोचेपर्यंत मी पहिली होते. उताराची पहिली दोन वळणं मोठी आणि पक्की होती, ती ब्रेकशिवायच काढली. तिसरं वळण मुरमाचं. मी बूड मागं नेलं, नजर वळणाच्या टोकाला लावली, आणि डाव्या हाताचं एक बोट अलगद दाबलं. आपल्याकडच्या सगळ्या सायकलींना डावा ब्रेक मागचा आणि उजवा पुढचा असतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी डावा दाबला. पुढचं चाक कुणी दांडकं घातल्यासारखं जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून पलीकडे गेले.

दवाखान्यात शुद्धीवर होते, फक्त बोलायला त्रास होत होता. अण्णा डेपोतून तसेच आले होते, ऑईलच्या कपड्यांत. सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, “फडतरे, रागावू नका तिला. जोशात पुढचा ब्रेक आवळला तिनं. हजार वेळा सांगितलंय, पण ऐन वेळी डोकं चालत नाही मुलांचं.”

“मी मागचाच दाबला,” मी म्हटलं.

“पडल्यावर असंच वाटतं बेटा. धक्क्यात नीट आठवत नाही.”

“मी डावा दाबला. एका बोटानं.”

“गप!” अण्णा डॉक्टरांसमोर ओरडले. “दात पडायचे राहिलेत आन् वर तोंड चालवतीय! सर सांगतायत ते खोटं, आन् तू खरी?”

कॉलरबोन मोडली होती. डॉक्टर म्हणाले, दीड महिन्यात जुळेल. पण अण्णांनी त्या रात्रीच निकाल देऊन टाकला होता. पोरगी ऐकत नाही, चूक केली तर कबूल करत नाही, उद्या मान मोडून घेईल. सायकल बंद. माझी सायकल त्यांनी पडवीच्या खांबाला डेपोतल्या जाड साखळीनं बांधली, कुलपाची चावी जानव्यासारखी दोऱ्यात ओवून स्वतःच्या गळ्यात घातली आणि गावाकडच्या चुलत्याला फोन करून सांगितलं, शनिवारच्या मुक्कामी गाडीच्या टपावर सायकल टाकतो, तुमच्या पोराला होईल.

आज गुरुवार होता.

आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. अण्णांनी सोमवारी डेपोत सगळ्यांना सांगितलं, पोरीनं जोशात पुढचा ब्रेक आवळला. मंगळवारी ड्रायव्हर मुलाणीमामा मोसंबी घेऊन बघायला आले. लहानपणापासून त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून मी आजोळी जायचे. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “जोश कमी कर गं पोरी. मशीन काय, जसं दाबशील तसं चालतं.” मी मोसंबी भिंतीवर मारणार होते. हात बांधलेला होता म्हणून वाचली भिंत.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग मला माझा येत होता. बुधवारपर्यंत मलाच शंका यायला लागली होती. अंथरुणावर पडल्या पडल्या मी डाव्या हाताचं बोट चादरीवर दाबून बघायची. हेच ना? की तेव्हा उजवं होतं? एवढी माणसं एकच सांगतायत, मग मीच खोटी असेन. सतरा वर्षांच्या मुलीला तिच्या स्वतःच्या बोटावर विश्वास वाटेनासा करायचा, याहून मोठी लबाडी कुठली असेल तर मला सांगा.

सरांचं घर गावाबाहेर, कालव्याच्या वरच्या अंगाला. घरामागं पत्र्याची शेड आणि शेडपासून खाली कालव्याच्या रस्त्यापर्यंत खडीचा मोकळा उतार. आम्ही तिथंच ब्रेक शिकलो होतो. शेडचं दार उघडं होतं. आत निळी सायकल स्टँडवर उभी होती. पुढचं चाक नवं कोरं.

“या या फडतरे! कशी आहे आमची वाघीण?” सर हसत बाहेर आले.

अण्णांनी चपला बाहेर काढल्या. पत्र्याच्या शेडमध्ये जाताना चपला काढणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

“सर, तुमची एवढी महागाची सायकल पोरीनं मोडली. चाकाचं मी बघतो. पण आधी तिला तुमची माफी मागायचीय.” आणि माझ्याकडे न बघता, “माग.”

मी निळ्या सायकलकडे बघत राहिले.

“शरू. माग.”

“असू द्या हो,” सर म्हणाले. “चाकाचं काय एवढं. मुलं चुकतात. मला माफीबिफी नको. तिनं फक्त स्वतःशी चूक मान्य करावी. सोमवारी तिला बघायला आलो तेव्हाही तेच सांगितलं. जो खेळाडू चूक मान्य करत नाही ना फडतरे, तो पुढे जात नाही. माझा अनुभव आहे.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती काय असते, ते मला तेव्हा कळलं. डोळे भरून आले, आणि या दोघांच्या समोर रडायचं नव्हतं म्हणून मी पाठ फिरवून सायकलपाशी गेले. डाव्या हातानं पॅडल फिरवून मागचं चाक गरगर सोडलं आणि त्याच हातानं डावा ब्रेक दाबला.

मागचं चाक थांबलं.

पुढचं चाक फिरवलं. वाकून उजवा दाबला. पुढचं थांबलं.

म्हणजे झालंच. डावा मागचा, उजवा पुढचा. सगळ्या जगात असतो तसा. मी खोटी, सर खरे, अण्णा खरे, मुलाणीमामा खरे.

सर माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. “बघितलंस?” ते अगदी मायेनं म्हणाले. “पटलं ना आता?”

मी मान खाली घातली. आणि मान खाली घातली म्हणूनच मला ते दिसलं.

हँडलच्या खाली जी उभी नळी असते, तिच्या उजव्या अंगाला बोटभर लांबीचा रंग उडालेला होता. आतला धातू उघडा पडून चकाकत होता. ब्रेकची काळी वायर हँडल वळवताना तिथं घासते, आणि वर्षानुवर्षं घासून रंग खाते. माझ्याही सायकलला तसा डाग होता. पण माझ्या सायकलला तो डाव्या अंगाला होता, कारण मागच्या ब्रेकची वायर डाव्या मुठीकडून येते. इथं वायर आता डावीकडून येत होती, आणि डावीकडचा निळा रंग आरशासारखा अख्खा होता. उजवीकडच्या डागावर काहीच घासत नव्हतं. तिथं वायरच नव्हती.

“अण्णा, इकडं या.”

“आधी माफी माग, मग...”

“अण्णा, इकडं या!”

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की हनुवटीचा एक टाका ताणून रक्त आलं. अण्णा आले. मला मारायला आले असावेत. मी डाव्या हाताचं बोट त्या डागावर ठेवलं. डेपोतल्या माणसाला ते समजावून सांगायची गरज नव्हती.

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. वाकले. भेगाळलेला अंगठा उजवीकडच्या डागावरून फिरवला, मग डावीकडच्या अख्ख्या रंगावरून. मग उकिडवे बसून त्यांनी मागच्या चाकापाशी वायर जिथं नटाखाली दाबलेली असते तिथं नाक नेलं. बघत राहिले. पुढच्या चाकापाशी गेले. तिथंही तेच.

“सर,” ते बसल्या बसल्याच म्हणाले, “ब्रेकचं काम कधी केलं?”

“ब्रेकचं? नाही, ते... सर्व्हिसिंग केलं. चाक बदललं ना पुढचं.”

“वायर चिमटल्याची जुनी खूण हितं हाय. नवी बोटभर पुढं. दोन्हीकडं.” अण्णा उठले. “चाक बदलायला दोन्ही वायरी मुठीतनं काढाव्या लागत नाहीत.”

“फडतरे, तुम्ही बसचे मेकॅनिक आहात,” सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले. “हे जरा वेगळं असतं.”

हे बोलायला नको होतं त्यांनी. अण्णांचा चेहरा मी ओळखते. रागावले की ते ओरडतात, आणि खरंच रागावले की त्यांचा आवाज बंद होतो. ते भिंतीपाशी गेले, खिळ्याला अडकवलेल्या पान्यांतला एक बरोब्बर निवडून काढला आणि सायकलपाशी परत आले.

“जरा बाहेर थांबा. दोघंबी.”

“अहो, काय करताय?”

“थांबा म्हटलं ना.”

आम्ही बाहेर थांबलो. अण्णा आमच्याकडे पाठ करून बसले. पान्याचा आवाज येत होता, वायर ओढल्याचा, नट आवळल्याचा. मला काही दिसत नव्हतं. सर एकदा घड्याळ बघत होते, एकदा उताराकडे. माझ्याकडे मात्र एकदाही बघितलं नाही. दहा मिनिटं गेली असतील. मग अण्णा सायकल हातात धरून बाहेर आले, शेडच्या कडेनं पुढे गेले आणि खडीच्या उताराच्या तोंडाशी तिला उभी केली.

“बसा सर.”

“काय?”

“बसा. आन् जा खाली. जोरात जा, पोरं जातात तसं. कालव्याच्या अलीकडं वळण हाय, तिथं मुरूम हाय. तिथं मागचा ब्रेक दाबा.”

“हा काय पोरखेळ लावलाय?”

“मी ब्रेकला हात लावलाय,” अण्णा म्हणाले. “किंवा लावला नाही. आता डावा मागचा असंल, नायतर उजवा असंल. मी सांगणार नाही. तुम्ही बसा.”

“फडतरे!”

“बसा की. तुमचीच सायकल हाय. तीन वर्षं चालवताय.”

सरांनी हँडलला हात लावला आणि काढून घेतला. कपाळावर घाम आला होता, डिसेंबरात. “आधी सांगा तरी,” ते चिडून म्हणाले, “कुठला कुठं लावलाय ते सांगा तरी! असं कसं बसणार माणूस?”

“हां,” अण्णा म्हणाले. “असं कसं बसणार. माझी पोरगी बसली होती.”

सर शेडच्या पायरीवर जाऊन बसले. पाच वर्षं मी त्या माणसाला बसलेलं बघितलं नव्हतं. ते कायम उभे, कमरेवर हात, शिट्टी गळ्यात.

“अमेरिकेत पुढचा ब्रेक डावीकडं असतो,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “तशीच आली होती ती. मला सवय होऊन गेली. माझ्या डोक्यात ते वेगळं असं राहिलंच नव्हतं. त्या दिवशी घाईत... विसरलो हो. देवाशपथ विसरलो. दवाखान्यात बोललो तेव्हाही मला खरंच वाटलं की तिचीच चूक. संध्याकाळी सायकल घरी आणली, स्टँडला लावली, तेव्हा लक्षात आलं.”

रविवारी संध्याकाळी.

“सोमवारी तुम्ही आमच्या घरी आलात,” मी म्हटलं. “बिस्किटं घेऊन आलात. माझ्या अंथरुणाशेजारी बसलात. आणि म्हणालात, चूक मान्य कर.”

“शर्वरी...”

“तेव्हा वायरी बदलून झाल्या होत्या की नव्हत्या?”

सरांनी तोंड फिरवलं. झाल्या होत्या.

विसरलं, ते मी समजू शकते. घाईत माणूस विसरतो. मी स्वतः एकदा एका पोराला टायरची हवा न बघता डोंगरात सोडलंय. पण पान्यानं नट सैल करायला, वायर काढायला, उलटी लावायला, पुन्हा आवळायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात माणूस काहीही विसरलेला नसतो. त्या अर्ध्या तासाला मी आजही माफी दिलेली नाही. सर गेल्या वर्षी निवृत्त झाले, सत्कार झाला, मला भाषणाला बोलावलं होतं. मी गेले नाही. लोक म्हणाले, उपकार विसरली. म्हणू देत.

अण्णांनी सायकल परत आत नेऊन स्टँडला लावली. पाना खिळ्याला अडकवला. चपला घातल्या. मग जायच्या आधी सरांच्या समोर उभे राहिले आणि डेपोत ड्रायव्हरला सांगतात त्याच आवाजात म्हणाले, “डावा मागचा, उजवा पुढचा. होतं तसंच हाय. नट सैल केले आन् परत आवळले, बदललं काय नाही. सांगून ठेवतो.”

सरांनी मान हलवली.

स्कूटरपाशी आल्यावर अण्णांनी पुढचा ब्रेक बघितला, मागचा बघितला. किक मारली नाही. गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि चावी माझ्यासमोर धरली.

“घे. शनिवारचं रद्द. चुलत्याला सांगतो मी.”

त्यांना वाटलं असणार, मी हसेन. चार दिवस मी त्या चावीसाठी तडफडले होते, आईच्या हातापाया पडले होते. आणि आता ती समोर लोंबकळत होती तर मला ती हिसकावून कालव्यात फेकून द्यावीशी वाटली.

“नको.”

“आता काय झालं?”

“मी रविवारी सांगितलं. सोमवारी सांगितलं. रोज सांगितलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. रंगावर ठेवला.”

“अगं, पण आता कळलं ना...”

“तो रंग उडालेला नसता तर? नवी कोरी असती सायकल, तर? तर मी जन्मभर खोटीच ना? तुमच्या घरात सतरा वर्षं राहतेय मी. तो रंग कितीसा ओळखीचा तुमच्या?”

अण्णांनी चावी मुठीत घेतली.

“मग काय करू?” ते म्हणाले. एवढ्या हळू, की मला आधी कळलंच नाही की ते खरंच विचारतायत.

“डेपोत चला.”

“डेपोत? आत्ता?”

“तिथं सांगितलं होतंत ना सगळ्यांना? तिथंच सांगा.”

मला वाटलं नव्हतं, ऐकतील. बावीस वर्षं ज्या आवारात त्यांचा शब्द चालला, तिथं जाऊन मी चुकलो म्हणायचं, तेही पोरीच्या सांगण्यावरून. पण त्यांनी किक मारली. चौकात घराकडे वळायच्या जागी ते सरळ गेले.

पाळी बदलायची वेळ होती. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, सगळे कँटीनच्या बाहेर चहाचे ग्लास घेऊन उभे. मला गळ्यात हात बांधलेली बघून मुलाणीमामा लगेच पुढे आले. “काय गं पोरी, कशी हायस? जोश उतरला का?”

मी अण्णांकडे बघत राहिले. अण्णांनी स्कूटर स्टँडला लावली, बस धुवायच्या ओट्यावर चढले आणि घसा खाकरला.

“ए, ऐका रे! सगळ्यांनी ऐका!”

ग्लास खाली आले. कुणीतरी नळ बंद केला.

“माझ्या पोरीनं मागचाच ब्रेक दाबला होता! सायकलचं काम उलटं होतं, आन् तिला कुणी सांगितलं नव्हतं. चूक तिची नाही. ती पहिल्या दिवसापासनं खरं सांगत होती. मी ऐकलं नाही. मी चुकीचं सांगत हिंडलो!”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गावात मयत झाल्याची बातमी द्यावी तसा अण्णांचा आवाज लागला होता. मुलाणीमामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे, आणि चाचरत म्हणाले, “बरं बाबा, बरं. कळलं. पण दत्ता, एवढं ओरडतोस कशाला? हळू सांगितलं तरी चाललं असतं.”

“नाही चालणार,” अण्णा म्हणाले. “सोमवारी ओरडूनच सांगितलं होतं.”

ते ओट्यावरून उतरले. माझ्यासमोर येऊन त्यांनी मूठ उघडली.

आज माझ्या सायकल शिबिरात पहिल्या दिवशी मी पोरांना तासभर सायकलवर बसूच देत नाही. सायकल हातात धरून ढकलायची, एक ब्रेक दाबायचा, कुठलं चाक थांबलं ते मोठ्यानं सांगायचं. मग दुसरा. मग शेजारच्याची सायकल घ्यायची आणि तेच पुन्हा. पोरं कंटाळतात, माझी नक्कल करतात. मी हसते आणि करून घेते.

आणि त्यातलं एखादं पोर पडून आलं आणि म्हणालं, बाई, मी मागचाच दाबला, तर मी आधी ऐकून घेते. सायकल नंतर बघते.

त्या दिवशी डेपोत मी माझा डावा हात पुढे केला आणि चावी घेतली.